पिवळे दात, तपकिरी डाग आणि लग्नाला उरलेले दोन महिने

प्रश्न थोडक्यात असा: वय २६, गाव किनवट तालुक्यात, लहानपणापासून पाणी बोअरचं. दात एकूणच पिवळसर, त्यात वरच्या पटाशीच्या दोन दातांवर तपकिरी ठिपके आणि खडूसारखे पांढरे पट्टे. लग्न दोन महिन्यांवर आलंय. नांदेडला एका बैठकीत लाइट लावून दात पांढरे करून मिळतात, पार्लरवाली नवरीच्या पॅकेजमध्येच करून देते म्हणते, ऑनलाइन पट्ट्या मिळतात, आणि घरातल्या मोठ्यांचा आग्रह कोळसा अन् लिंबू लावून बघ असा. यातलं नेमकं काय करावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. दवाखान्यात माप देऊन ट्रे, म्हणजे दातांवर चपखल बसणारा प्लास्टिकचा साचा, बनवून घ्या आणि त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं, म्हणजे दात उजळवणाऱ्या औषधाचं, जेल रोज रात्री घरीच वापरा, दोन ते तीन आठवडे. ठिपक्यांचं काम त्यानंतर वेगळं करायचं. एका बैठकीचा प्रकार तुमच्या दातांना पुरा पडणार नाही. पार्लर नको. लिंबू तर अजिबात नको. दोन महिने पुरतात, पण ते आजपासून धरले तर. लग्नाच्या आठवड्यात येऊन काही साधत नाही.

दात पिवळा दिसतो म्हणजे तो अस्वच्छ आहे असं नाही. वरचं इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालच्या डेंटिनचा मूळ रंगच पिवळसर असतो. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, डेंटिन आतून जाड होत जातं, म्हणून चाळिशीनंतर दात आपोआप गडद होतात. सुळे तर विशीतही शेजारच्या दातांपेक्षा पिवळेच असतात. रंग मोजायला दवाखान्यात १६ छटांची पट्टी असते. उजेडाच्या क्रमाने लावली तर बी-१ सर्वांत उजळ आणि सी-४ सर्वांत गडद. आपल्याकडच्या बऱ्याच निरोगी दातांचा रंग ए-२, ए-३ च्या आसपास येतो. काम सुरू करण्याआधी ही पट्टी दाताशेजारी धरून, खिडकीच्या उजेडात, लिपस्टिक पुसून फोटो काढून घ्यायला सांगा. हा फोटो नसेल तर तिसऱ्या आठवड्यात "काहीच फरक पडला नाही" असं वाटू लागतं, कारण रोज आरशात बघणाऱ्या डोळ्याला हळूहळू झालेला बदल कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. रंग दाताच्या बाहेर बसलाय की आत, हे आधी ठरलं पाहिजे, कारण उपाय त्यावरून ठरतो. चहा, तंबाखू, मिसरी, गुटखा, पानातला कात-चुना, लोहाची पातळ औषधं, आणि महिनोन्महिने वापरलेला क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश, यांचा डाग बाहेरून बसतो. तो हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत आणि खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला जास्त साचतो, नखाला खरखरीत लागतो. पाण्यातल्या फ्लोराइडचा डाग वेगळाच. तो दाताच्या समोरच्या भागावर असतो, आडव्या रेषांमध्ये असतो आणि डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर साधारण सारखा असतो. घरी बघायचं तर भरदिवसा खिडकीपाशी ओठ वर धरून स्वच्छ फडक्याने दात कोरडा करा आणि एक-दोन मिनिटं तसाच ठेवा. दात सुकला की पांढरे पट्टे आणखी उठून दिसू लागतात. तुमच्या वर्णनावरून तुमचे ठिपके याच जातीचे वाटतात. किनवट भागात ग्रॅनाइटचा खडक आहे, तिथल्या खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघतं आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या दातांवर ते दिसतं. तरी दवाखान्यात दिव्याखाली खात्री करून घ्या. कीड नुकतीच लागत असताना येणारा पांढरा डागही असाच दिसू शकतो, फक्त तो हिरडीच्या कडेला लागून असतो.

बाहेरचा डाग ब्लीचिंगने, म्हणजे औषधाने दाताचा आतला रंग उजळवून, काढायचा नसतो, तो स्केलिंग आणि पॉलिशिंगने निघतो. अल्ट्रासॉनिक मशीनने कीटण काढायचं, मग प्यूमिसच्या लेपाने किंवा सोड्याच्या बारीक भुकटीच्या फवाऱ्याने घासून गुळगुळीत करायचं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. दात पांढरे करायचेत म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं, पुढे पैसे घालायची गरज राहत नाही. स्केलिंगने दात हलतात, फटी पडतात हा समज आपल्या भागात घट्ट आहे. फट असते ती कीटणाने भरलेली असते, कीटण निघालं की दिसू लागते. आणि ज्याची हिरडी आधीच उतरली आहे त्याचे दात कीटणाच्या आधाराने तग धरून असतात, तेही तेव्हा उघडं पडतं. तुम्हालाही ब्लीचिंगच्या आधी स्केलिंग लागेलच, कारण कीटणाखालच्या इनॅमलपर्यंत जेल पोचत नाही.

मिसरी लावणाऱ्या, तंबाखू-सुपारी खाणाऱ्या माणसाचे दात पांढरे करायच्या आधी त्याचं तोंड बघायचं असतं. गालाच्या आत किंवा ओठाच्या मागे खरडून न निघणारा पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तिखट लागताच होणारी आग, ही दातांच्या रंगापेक्षा फार महत्त्वाची लक्षणं आहेत. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील तर सुपारीने तोंडाची आतली त्वचा आवळलेली असू शकते. अशा तोंडात मापाचा ट्रेसुद्धा नीट जात नाही. तिथे ब्लीचिंग बाजूला ठेवायचं आणि तपासणी आधी करायची. घरात कोणाचं असं असेल तर तुमच्याबरोबरच दवाखान्यात घेऊन या.

एकच दात काळपट किंवा राखाडी असेल तर तो बहुधा लहानपणी पडून मार लागलेला, आतली नस मेलेला दात असतो. त्याला बाहेरून कितीही जेल लावलं तरी तो शेजाऱ्यांशी जुळत नाही. आधी एक्स-रे, मग रूट कॅनल, आणि मग आतून ब्लीचिंग. यात रूट कॅनलचं भरण हिरडीच्या पातळीखाली साधारण २ मिलिमीटर उतरवतात, त्यावर ग्लास आयोनोमर या दातात भरायच्या सिमेंटचा २ मिलिमीटरचा थर देऊन मुळाचं तोंड बंद करतात, वरच्या पोकळीत सोडियम परबोरेट पाण्यात कालवून भरतात आणि तात्पुरतं सिमेंट लावतात. तीन ते सात दिवसांनी बदलायचं, गरजेप्रमाणे दोन-चार वेळा. तो मधला २ मिलिमीटरचा थर कोणी टाळू नये. तो नसेल तर औषध मुळाच्या बाजूने बाहेर झिरपतं आणि काही वर्षांनी मूळ बाहेरून विरघळायला लागण्याचा धोका राहतो. पूर्वी ३० टक्के पेरॉक्साइड दातात भरून उष्णता देत, ती पद्धत याच कारणाने मागे पडली.

तुमच्या दातांकडे वळू. दवाखान्यातलं असो की घरचं, खऱ्या ब्लीचिंगमध्ये काम करणारं द्रव्य एकच, हायड्रोजन पेरॉक्साइड. ते इनॅमलमधून पाच ते पंधरा मिनिटांत डेंटिनपर्यंत, थोडंफार नसेपर्यंतही जातं आणि वाटेतले रंगाचे मोठे रेणू तोडून लहान करतं. लहान रेणूंना रंग राहत नाही. दात खरवडला जात नाही, झिजत नाही. पृष्ठभाग काही काळ थोडा मऊ पडतो, तो लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटने भरून येतो. कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे त्याच द्रव्याचं युरियाबरोबर बांधलेलं रूप. १० टक्के कार्बामाइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, आणि ते सावकाश सुटतं. निम्मं पहिल्या दोन तासांत, उरलेलं रात्रभर. दवाखान्यातलं जेल बहुधा ३५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं असतं, ते सगळं काम तासाभरात करू पाहतं. जाहिरातीतले टक्के वाचताना कार्बामाइडचे की हायड्रोजनचे हे बघा. ३५ टक्के कार्बामाइड आणि ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या ताकदीत जवळजवळ तिपटीचा फरक आहे.

एका बैठकीचा प्रकार असा चालतो. ओठ ताणून धरणारी चौकट बसवतात, ओठांना व्हॅसलिन, डोळ्यांवर चष्मा. हिरडी हवेने कोरडी करून तिच्या कडेवर लाइटने घट्ट होणारं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं द्रव्य, ओततात. हा बांध दाताच्या कडेवर अर्धा मिलिमीटर चढलेला हवा आणि त्यात कुठेही फट नको. मग दातांवर १ ते २ मिलिमीटर जाडीचा जेलचा थर, १५-२० मिनिटं, सक्शनने ओढून काढायचा, पुन्हा नवा थर. असे दोन-तीन थर. जेल आधी सक्शनने काढायचं आणि मग पाणी मारायचं. उलट केलं तर पातळ झालेलं पेरॉक्साइड बांधाखाली शिरतं. हिरडी पांढरी पडून चरचरते ती यामुळेच. तसं झालं तर भरपूर पाण्याने धुऊन व्हिटॅमिन ई चं तेल लावायचं. पांढरेपणा तासाभरात उतरू लागतो, हिरडी दोन-चार दिवसांत पूर्ववत होते.

निळा लाइट किंवा लेझर यांचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा फार कमी आहे. लाइट लावून आणि न लावता केलेल्या कामाची तुलना अनेकदा झाली आहे. काही दिवसांनी मोजलं तर फरक नाही म्हणावा इतका थोडा राहतो. लाइटने दात तापतो आणि ठणका मात्र वाढू शकतो. खुर्चीतून उठताना दात जेवढे पांढरे दिसतात त्यातला काही भाग निव्वळ कोरडेपणाचा असतो. तोंड तासभर उघडं, दात हवेने सुकलेले. लाळेने ओले झाले की एक-दोन दिवसांत काही उजेड उतरतो, एक-दोन आठवड्यांत रंग स्थिर होतो. म्हणून दवाखान्यातून निघताना काढलेला "नंतरचा" फोटो खरा धरू नका, दोन आठवड्यांनंतरचा दाखवा म्हणा. तरीही एका बैठकीला जागा आहे. ज्यांना ट्रे घातला की उमासा येतो, ज्यांना घरी नियमित करणं जमणार नाही, किंवा ज्यांचा पिवळेपणा थोडाच आणि वेळ आठ-दहा दिवसांचा आहे, त्यांनी ती घ्यावी. दुसऱ्या दिवशीपर्यंत दातातून मध्येच वीज चमकल्यासारखी कळ येते, ती २४ ते ४८ तासांत जाते.

तुमच्या बाबतीत मी ट्रेकडे झुकतो, कारण फ्लोराइडचा तपकिरी रंग इनॅमलमध्ये मुरलेला असतो आणि तो जोरापेक्षा वेळेला दाद देतो. ही पद्धत जुनी, तपासलेली आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आर्कान्सास राज्यातल्या एका दातांच्या डॉक्टरने हिरड्यांसाठी दिलेल्या १० टक्के कार्बामाइडने दात उजळलेले पाहिले, आणि १९८९ मध्ये हेवूड आणि हायमन या दंतवैद्यांनी रात्रीच्या ट्रेची पद्धत रीतसर मांडली. त्यानंतर नवी जेलं बरीच आली, पण तुलना करायची तर आजही १० टक्के कार्बामाइडशीच करतात.

ट्रे असा बनतो. अल्जिनेट नावाच्या, तोंडात घट्ट होणाऱ्या लगद्याने वरच्या-खालच्या दातांचं माप, त्याच दिवशी स्टोन प्लास्टरचं मॉडेल. माप तासन्‌तास पडून राहिलं तर आकसतं आणि ट्रे घट्ट येतो. मॉडेलवर साधारण १ मिलिमीटर जाडीचा मऊ प्लास्टिकचा पत्रा तापवून व्हॅक्यूमने ओढतात. कडा हिरडीच्या रेषेप्रमाणे कापायच्या की हिरडीच्या १-२ मिलिमीटर वर सरळ, हे जेलच्या घट्टपणावर ठरतं. ट्रे हाती आला की दवाखान्यातच घालून बघा. आरशात बघून कडेवर हिरडी कुठे पांढरी दाबली जातेय का, जिभेला टोचतंय का, दाढा मिटल्यावर एकाच बाजूला आधी टेकतंय का, हे पाहून तिथेच कापून-तापवून नीट करून घ्यायचं. घरी कात्रीने कापू नका. पाण्यात उकळून दातांवर दाबायचे तयार ट्रे ऑनलाइन मिळतात. ते जाड आणि सैल बसतात, जेल हिरडीवर आणि घशात जातं, दातांवर कमीच राहतं.

रात्री जेवण झालं की दात घासा, फटींतून दोरा फिरवा. ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या खणात, समोरच्या भिंतीवर मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढा जेलचा थेंब ठेवा. हसताना जेवढे दात दिसतात तेवढ्यांनाच, म्हणजे आठ ते दहा. दाढांना नको. १.२ मिलीची सिरिंज एका जबड्याला दोन ते तीन रात्री पुरायला हवी. रोज एक संपत असेल तर जेल जास्त भरताय आणि ते हिरडीवर वाया जातंय. ट्रे बसवून बोटाने हलके दाबा, बाहेर आलेलं जेल कोरड्या ब्रशने किंवा कापडाने पुसा, चूळ भरून थुंका, झोपा. सकाळी ट्रे काढून गार पाण्याखाली ब्रशने धुवा, दात नुसत्या पेस्टने घासा. रात्रभर जमत नसेल तर किमान दोन तास. १६ टक्क्यांचं जेल दिलं असेल तर दोन ते चार तास, २० टक्क्यांच्या पुढचं असेल तर साधारण तासभर. जास्त टक्क्यांचं जेल पहिल्या आठवड्यात पुढे दिसतं, शेवटी रंग तोच येतो आणि ठणका मात्र जास्त.

सुरुवात फक्त वरच्या जबड्याने करा. खालचे दात तुलनेला तसेच राहू द्या. चार-पाच दिवसांत आरशात फरक कळतो आणि नेटाने पुढे करायला हुरूप येतो. वरचं पुरं झालं की खालचं.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट होईल आणि तुम्ही घाबराल, म्हणून आधीच सांगतो. पांढरे पट्टे आणखी पांढरे दिसू लागतील, दात चट्ट्यापट्ट्यांचे वाटतील. ते बिघडलेलं नसतं. फ्लोराइडने सच्छिद्र झालेला भाग आधी उजळतो, बाकीचा दात मागून येतो. पार्श्वभूमी उजळली की पट्टे त्यात बरेचसे मिसळतात. इथेच घाबरून थांबलात तर सर्वांत वाईट अवस्थेत थांबाल.

दुसरा त्रास दात शिवशिवण्याचा. गार पाणी झोंबतं, पहाटेची हवा लागते. बहुतेकांना थोडंफार होतंच आणि काम थांबलं की जातं. उपाय आधीच करायचा. ट्रे हातात येण्यापूर्वी दोन आठवडे ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टने दिवसातून दोनदा घासा आणि पेस्ट थुंकल्यावर खळखळून चूळ भरू नका. जेलमध्येच पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड असलेलं मिळालं तर तेच घ्या. त्यातूनही झोंबलं तर एक रात्र आड करा, वेळ निम्मा करा. दिवस वाढले तरी एकूण परिणाम कमी होत नाही. पण एकाच दातात सतत, आपोआप सुरू होणारा, रात्री झोप उडवणारा ठणका आला तर तो ब्लीचिंगचा नेहमीचा त्रास नव्हे. त्या दातात कीड, तडा किंवा गळणारं जुनं भरण असतं. ट्रे थांबवून दाखवा. सुरुवातीलाच प्रत्येक किडीवर निदान तात्पुरतं सिमेंट तरी भरून घ्यायचं ते यासाठीच. हिरडी उतरून मूळ उघडं पडलं असेल तर तो भाग पांढरा होत नाही, फक्त झोंबतो. तिथे जेल लावू नका.

आपल्या हवेची एक अडचण पुस्तकात फारशी सापडत नाही. पेरॉक्साइड उष्णतेने विघटन पावतं. एप्रिल-मे मध्ये नांदेड-परभणीकडे पारा ४२-४३ च्या घरात असतो, आणि कुरिअरच्या गाडीत नि गोदामात पडून आलेलं जेल दातांवर येईपर्यंत निम्मं मेलेलं असू शकतं. सिरिंज फुगलेली असेल, दट्ट्या आपोआप मागे सरकला असेल, उघडताच जेल फुसफुसत बाहेर येत असेल किंवा पाण्यासारखं पातळ झालं असेल तर वापरू नका. उन्हाळ्यात जेल दवाखान्यातल्या फ्रिजमधून घ्या, भरदुपारी गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरी फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. वीज तासन्‌तास जात असेल तर एकदम सगळ्या सिरिंजा नेऊ नका, आठवड्याच्या आठवड्याला न्या.

खाण्यापिण्याचं फार कडक पथ्य लागत नाही, पण काम चालू असेपर्यंत आणि नंतरचे दोन दिवस गडद रंगाचं टाळलेलं बरं. कडक चहा कमी करा, घ्यायचाच तर दुधाचा, आणि लगेच चूळ भरा. काळ्या मसाल्याची आमटी, हळद जास्त असलेल्या भाज्या, जांभळं, बीट, कोला बाजूला. भाकरी, दही-भात, बिनहळदीचं मुगाचं वरण, केळी, पनीर, दूध खुशाल. लिंबू-चिंचेचं आंबटही कमी, कारण दात तेव्हा झोंबतात. हळद इनॅमलवर फारशी बसत नाही, पण दातात भरलेल्या रेझिनला आणि ट्रेला पिवळा करते. ट्रे घालून काही खाऊ-पिऊ नये.

ऑनलाइन पट्ट्यांबद्दल. ज्यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड किती टक्के आहे हे छापलेलं असतं, त्या चांगल्या कंपनीच्या पट्ट्या काम करतात. रोज अर्धा तास, दोन आठवडे. दात सरळ ओळीत असतील, कीड नसेल, डाग फ्लोराइडचा नसेल, तर स्वस्तात चांगला पर्याय. वाकडे-एकमेकांवर चढलेले दात असतील तर पट्टी फटीत पोचत नाही आणि कडा पिवळ्या राहतात. युरोपात २०१२ पासून दुकानातल्या मालात ०.१ टक्क्याच्या वर पेरॉक्साइड चालत नाही, त्यापुढे ६ टक्क्यांपर्यंतचं दातांच्या डॉक्टरमार्फत आणि १८ वर्षांवरच्यांनाच मिळतं. घटकच छापलेले नसतील तर ती वस्तू तोंडात घालू नका. बॅटरीवरच्या छोट्या निळ्या दिव्याचा काही उपयोग नाही. जांभळं सिरम पिवळ्यावर जांभळी झाक देऊन काही तास डोळ्याला फसवतं. फोटोपुरतं चालेल, ते ब्लीचिंग नव्हे.

कोळशाची पूड आणि कोळशाची पेस्ट बाहेरचा डाग घासून काढते, आणि सोबत इनॅमलही. इनॅमल पातळ झालं की आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसतं, म्हणजे पुढे दात पहिल्यापेक्षा पिवळे दिसू शकतात. शिवाय काळी पूड हिरडीच्या कडेत आणि भरलेल्या दाताच्या फटीत अडकून काळी रेघ उमटते. लिंबाचा रस तर सामू (आम्लपणाचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जहाल) २ ते २.५ चा असतो आणि साडेपाचच्या खालीच इनॅमल विरघळायला लागतं. लिंबात मीठ घालून घासणं म्हणजे आधी मऊ करून मग खरवडणं. फ्लोरोसिसचा, म्हणजे फ्लोराइडने डागलेला, दात आधीच सच्छिद्र, त्याला हे दुप्पट बाधतं. नुसता खाण्याचा सोडा त्या मानाने मऊ असतो, आठवड्यातून एकदा ओल्या ब्रशवर चिमूटभर चालतो. तो चहाचा डाग हलका करेल, आतला रंग बदलणार नाही.

पार्लरमधलं का नको, तर तिथे तोंड तपासणारं कोणी नसतं. दातांवर उपचार करायला दंतवैद्य म्हणून कायद्याने नोंदणी लागते. तिथलं द्रव्य कोणतं हे विचारा, बहुधा उत्तर मिळत नाही. क्लोरीन डायऑक्साइड वापरलेलं असेल तर ते आम्ल असतं, पहिल्या दिवशी दात चमकतात, मग खरखरीत होऊन डाग जास्त धरतात. आठवडी बाजारात बाटलीतलं औषध लावून दात झटक्यात पांढरे करून देणारे अजूनही दिसतात. तेही आम्लच.

आता तपकिरी ठिपके. ब्लीचिंगनंतर ते बरेचदा पुसट होतात, जे उरतात त्यांच्यासाठी मायक्रोअ‍ॅब्रेजन. रबराचा पडदा लावून दात वेगळे करायचे, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अपघर्षक कण असलेला तयार लेप ठिपक्यावर रबरी कपने सावकाश फिरवायचा, मिनिटभराने धुऊन ओल्या दातावर रंग बघायचा. असं काही वेळा, गेलेल्या थराचा अंदाज घेत. जास्तीत जास्त एक-दोन दशांश मिलिमीटरपर्यंतच जायचं. त्यात डाग निघाला नाही तर तो खोल आहे, घासत राहू नये. शेवटी फ्लोराइड. हे आम्ल दवाखान्यातलंच, बाजारातल्या आम्लाशी याची तुलना नाही. इथे मात्रा, वेळ आणि हिरडीचं संरक्षण हातात असतं. पांढरे पट्टे उरले तर रेझिन इन्फिल्ट्रेशन. १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचं जेल दोन मिनिटं, धुणं, अल्कोहोलने सुकवणं, मग अतिशय पातळ रेझिन तीन मिनिटं मुरू देऊन लाइटने घट्ट करायचं. सच्छिद्र भाग रेझिनने भरला की पट्टा आजूबाजूच्या दातासारखा दिसतो. अल्कोहोल लावल्यावर क्षणभर पट्टा नाहीसा झाला तर काम चांगलं होणार. तसाच दिसत राहिला तर आम्लाची पायरी पुन्हा एकदा-दोनदा करतात. दाताला खड्डे पडले असतील, टवके उडाले असतील तर मात्र कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन) भरणं किंवा व्हिनियर, म्हणजे दाताला समोरून चिकटवायचं पातळ कवच. तेही उजळलेल्या रंगाला जुळवून.

ब्लीचिंग संपल्यावर रेझिनचं कुठलंही काम निदान दोन आठवडे करू नये. दातात उरलेला ऑक्सिजन रेझिन घट्ट होऊ देत नाही, भरलेलं निघून येतं, आणि रंगही अजून स्थिर झालेला नसतो. जुनी भरणं, कॅप, व्हिनियर पेरॉक्साइडने पांढरी होत नाहीत. पुढच्या दातात आधीचं भरण असेल तर ते आता डोळ्यात भरेल, ते बदलण्याचा खर्च आधीच धरा. बिल विचारताना स्केलिंग, ट्रे, किती सिरिंजा आणि नंतरचं ठिपक्यांचं काम वेगवेगळं लिहून मागा.

तुमचं वेळापत्रक यावरून बसतं. पहिला आठवडा: तपासणी, स्केलिंग, किडीची भरणं, माप, फोटो, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट सुरू. एरवी पेस्टला दोन आठवडे देतात, तुमच्याकडे एकच आहे, म्हणून पहिल्या दोन रात्री जेल दोनच तास ठेवा. दुसरा ते चौथा आठवडा: ट्रे, वरचा आधी, वेळ कमी वाटला तर दहाव्या दिवसापासून दोन्ही. पाचवा-सहावा आठवडा काही नाही, रंग बसू द्यायचा. सातव्यात ठिपके आणि पट्टे. आठवा मोकळा ठेवा. मध्येच गरोदरपणाची शक्यता असेल तर ब्लीचिंग पुढे ढकला. त्या काळात आणि अंगावर पाजताना ते करत नाहीत. धाकट्या भावंडांना हे जेल लावू देऊ नका. १८ च्या आत टाळावं, त्या वयात दातातली नस मोठी असते आणि ठणका जास्त होतो.

रंग साधारण एक ते तीन वर्षं टिकतो, चहा-तंबाखूवर अवलंबून. ट्रे भोकं असलेल्या डबीत, उन्हापासून आणि गरम पाण्यापासून लांब ठेवा. वर्षाने रंग उतरल्यासारखा वाटला तर नवं जेल आणून दोन-तीन रात्री पुरतात, पुन्हा सगळा खर्च नाही.

घरात आठ वर्षांखालचं मूल असेल आणि ते त्याच बोअरचं किंवा हापशाचं पाणी पीत असेल तर पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत द्या. पक्क्या दातांची जडणघडण याच वयात होते, डाग तेव्हाच पडतो, नंतर प्यालेल्या पाण्याने पडत नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइडपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. त्यावर आकडा आला तर मुलापुरतं प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी नळयोजनेचं, पावसाचं किंवा आरओचं घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं.